बरणीतले हिरवे खडे

गुरुवारी संध्याकाळी मनवेलपाड्यातल्या आमच्या सोसायटीचा हॉल खचाखच भरला होता, आणि कशासाठी म्हणाल तर शेजाऱ्यांच्या शौचातून पडलेले खडे बघायला. शब्द घाण वाटला तर वाटू द्या. पांढऱ्या चादरीच्या टेबलावर, झेंडूच्या माळांमध्ये, काचेच्या बरण्या मांडल्या होत्या. कधीकाळी त्यांत लोणची-मुरांबे असणार. आता त्यांत हिरवे तुकतुकीत गोळे होते, काही वाटाण्याएवढे, काही बोराएवढे. प्रत्येक बरणीवर फ्लॅटचा नंबर चिकटवलेला.

"तुमचे बारीकच पडले हो," एक बाई शेजारणीला म्हणाली. "आमच्या ह्यांचे बघा, कसे टपोरे आहेत."

शेजारणीचं तोंड एवढंसं झालं. मी प्रिस्का. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे, तरी सगळा मनवेलपाडा मला अजून टीचरच म्हणतो. पण माझ्यासमोर जे चाललं होतं ते बघून आपण नक्की कोणाला काय शिकवलं, असा प्रश्न पडावा.

टेबलामागे तैलनाथ महाराज बसले होते. मठ चांदीपला, शेतावर. गोरेगोमटे, तेल लावून चापून बसवलेले केस, आवाज मात्र मधात घोळलेला.

"हा खडा म्हणजे काय? गिळलेला राग. साहेब बोलला, गिळलं. सासू बोलली, गिळलं. ते जातं कुठं? पित्ताच्या पिशवीत. तिथं त्याचा दगड होतो. डॉक्टर पोट फाडतो, तैलनाथ पोट धुतो." त्यांनी चिमट्यानं एक गोळा उचलून पाण्याच्या पेल्यात टाकला. गोळा तरंगला. "दगड कधी तरंगतो का? हा तरंगला. का? पाप हलकं झालं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणाच्या तरी पोटातल्या घाणीला टाळ्या.

विधी असा: दिवसभर उपास, मग पाण्यातून जुलाबाचं मीठ, आणि शेवटी पेलाभर ऑलिव्ह तेल नि तेवढाच लिंबाचा रस, एका दमात. सकाळी पडेल ते चाळणीत धरायचं, नळाखाली धुवायचं आणि गुरुवारपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायचं. "बाहेर ठेवू नका, उष्णतेनं पाप पुन्हा जागं होतं." म्हणजे आमच्या सोसायटीतल्या निम्म्या फ्रिजांत श्रीखंडाच्या डब्याला टेकून ही बरणी होती. कोणी कुठली चाळणी वापरली ते मी विचारलं नाही. फक्त कोणाकडे चहा घेणं बंद केलं.

हे सगळं मी नाक दाबून सोसलंही असतं. पण त्या टेबलावर आशालताची बरणी होती.

आशालता माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. तिच्या पित्ताशयात खरेच खडे होते, सोनोग्राफीत दिसलेले. जरा तेलकट खाल्लं की उजव्या बरगडीखाली अशी कळ यायची की बिचारी भिंत धरून बसायची. ऑपरेशनची तारीख ठरली होती. ती तिनं रद्द केली.

"टीचर, माझ्या डोळ्यांनी बघितलेत मी खडे," ती म्हणाली. "खोटं कसं म्हणू?"

"मग परत सोनोग्राफी कर. गेले असतील तर दिसतील गेलेले."

"महाराज नको म्हणालेत. मशीनच्या लहरींनी नवीन खडे धरतात."

तिचा नवरा जितेंद्र मुंबईला ऑफिसात जातो. माणूस सभ्य. तो हळूच म्हणाला, "टीचर, राग मानू नका. तुम्ही चर्चला जाता, आम्ही कधी काही बोलतो का?"

"पित्त चर्चला जात नाही, जितेंद्र, आणि देवळातही जात नाही. आमच्या गावात एकजण चर्चच्या नावानं मंतरलेलं तेल विकायचा, त्याच्याशीही मी भांडले. काही नातेवाईक अजून माझ्याशी बोलत नाहीत."

त्याला पटलं नव्हतं. शब्दांनी भागणार नाही हे मला कळलं. आता एक गोष्ट सांगते. माझ्या पोटात पित्ताशयच नाही. काही वर्षांपूर्वी ऑपरेशन करून काढून टाकलंय. म्हणून मी ठरवलं की हा प्रसाद आपणच घ्यायचा. माझं बघून कोणी हे करू नये. मी केलं तेही शहाणपणाचं नव्हतं, पण मला फार संताप आला होता.

तेल घशाखाली उतरताना अंगावर काटा आला. सकाळी जे झालं त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगते, चाळणीत हिरवे गोळे होते, टपोरे, महाराजांच्या टेबलावर पहिला नंबर मिळवतील असे. ती चाळणी मी कचऱ्यात टाकली. बरणी फ्रिजमध्ये सुरमईशेजारी ठेवताना मला सुरमईची माफी मागावीशी वाटली.

पुढच्या गुरुवारी मी बरणी टेबलावर ठेवली.

"वा, टीचर आल्या," महाराज खुलले. "बघा, शाळेत पोरांवर किती राग धरला होता. केवढं हे साठलेलं."

लोक हसले.

"हे पित्ताच्या पिशवीतलेच ना, महाराज? नक्की?"

"तैलनाथाची नजर चुकत नाही."

"माझी पित्ताची पिशवी काढलेली आहे. आशा, हॉस्पिटलात मला डबा कोण आणून द्यायचं?"

आशालता मागच्या खुर्चीवर दंड खाजवत बसली होती. ती सावकाश उठली. "मीच," ती म्हणाली. "पिशवी काढलीय टीचरांची. आतले खडे डॉक्टरांनी बाटलीत घालून दिले होते."

आपल्याकडे देतात तसे, पेशंटला घरी न्यायला. ती बाटलीही मी आणली होती.

लोक बाटलीकडे वाकून बघू लागले. महाराज मात्र मुरलेले. ते गोड हसले. "डॉक्टरांनी स्थूल पिशवी काढली. सूक्ष्म पिशवी कोण काढणार?"

आणि चार जणांनी माना डोलावल्या. त्या माना बघून मला बरणीपेक्षा जास्त किळस आली.

महाराजांसाठी थर्मासात वाफाळता चहा आला होता. मी दोन कप भरले. एकात माझा खरा खडा टाकला, काळा, टणक. तो टुपकन तळाला गेला आणि तसाच राहिला. दुसऱ्यात हिरवा गोळा टाकला. तो वर तरंगला, मऊ पडला, आणि बघता बघता चहावर हिरवट तेलाचा तवंग पसरला. असा वास सुटला की पुढच्या रांगेनं पदर नाकाला लावले.

"पाप विरघळलं, महाराज. घेता घोटभर?"

मग मी लोकांकडे वळले. "भज्यांची कढई नुसत्या पाण्यानं निघते का? साबण लागतो, तेव्हा तेल फुटतं. पोटात ते काम पित्त करतं. पित्त यकृतात तयार होतं आणि पिशवीत साठतं. तेलकट खाल्लं की पिशवी आवळली जाते, पित्त आतड्यात उतरतं, तेलाचे बारीक थेंब करतं. स्वादुपिंडाचा रस त्या थेंबांना आणखी तोडतो. ते तुकडे शरीर शोषून घेतं आणि जाळतं, त्या ताकदीवर तुम्ही जिने चढता. पिशवी काढली तरी यकृतातून पित्त थोडं थोडं येतच राहतं, म्हणून माझंही चालतं. पण उपाशी पोटी पेलाभर तेल ओतलं तर ते सगळं पचणार कसं? त्या तुटलेल्या तेलाशी लिंबातले नि मिठातले क्षार मिळतात, आणि त्याचा साबण होतो. पित्तानं तो हिरवा होतो. तेलकट म्हणून तरंगतो, उष्णतेनं वितळतो म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचा. तुम्ही साबण हगताय, आणि हे त्याला पाप म्हणतायत."

कोणी हसलं नाही.

"मग माझा खडा?" आशालतानं विचारलं.

"तुझा आत आहे, आशा. एवढ्या तेलानं पिशवी जोरात आवळली असेल, आणि खडा सरकून नळीत अडकला असेल. जितेंद्र, हिचे डोळे बघ."

तिच्या शेजारी बसलेल्या जितेंद्रनं मोबाईलचा टॉर्च लावला. बुबुळांच्या बाजूचं पांढरं हळदीसारखं पिवळं झालं होतं. लघवी चहासारखी होतेय, तीन दिवस अंगाला खाज आहे, हे तिनं तेव्हा सांगितलं. महाराजांनी तिला म्हणे आधीच सांगितलं होतं की घाण निघतेय.

"महाराज, हे पिवळं का?" जितेंद्रनं विचारलं. त्याच्या आवाजात अजून आदर होता, तो ऐकवत नव्हता.

"शुद्धी चाललीय. थोडी राहिलीय. आणखी एक पेला."

सेवकानं पेला पुढे केला. जितेंद्रनं त्या पेल्याकडे पाहिलं, मग बायकोच्या डोळ्यांकडे. तो आशालताचा हात धरून तिला बाहेर घेऊन गेला, आणि मी मागोमाग रिक्षा थांबवायला धावले.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत तिला हुडहुडी भरून ताप चढला. खडा नळीत अडकला होता, मागे पू झाला होता. तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढला, नंतर पिशवीही काढली. आणखी एक पेला घेतला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी जितेंद्रला बाजूला नेऊन सांगितलं. त्यानं ते मला आजतागायत सांगितलेलं नाही.

महाराजांचं काही बिघडलं नाही. आमचा हॉल बंद झाला तर त्यांनी सातिवलीला गोदामाच्या आवारात मंडप टाकला. बरण्या नव्या, गर्दी नवी. आम्ही तक्रार दिलीय, ती चालेल तशी चालेल. पण टाके सुकल्यावर आशालता मला म्हणाली, "टीचर, मला तिथं घेऊन चला."

ती रांगेतल्या बायकांजवळ जाऊन उभी राहिली. भाषण तिला येत नाही. "माझेही असेच हिरवे पडले होते," ती म्हणाली, "आणि खरे खडे आतच होते. मी मरता मरता वाचले. ताई, आधी सोनोग्राफी करा. जो परत तपासू नका म्हणतो त्याच्या हातचं काही घेऊ नका." सेवकांनी आम्हाला हाकललं. रांग होती तशीच राहिली. फक्त एक तरुण मुलगी आपल्या आईला बाहेर ओढत होती, आणि आई तेलाचा पेला हातात घट्ट धरून "थांब गं, नंबर जाईल" म्हणत होती. आशालतानं तो पेला तिच्या हातातून काढून घेतला आणि गटारात ओतला.