खालचा उजवा कोपरा

पायथन प्रोग्रॅमिंगच्या वर्गात काउकोने पुन्हा 'रन'चं बटण दाबलं आणि पुन्हा चुकीची तीच लाल ओळ उमटली. सकाळपासून स्क्रिप्टला लागणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, संगणकात बसवून बसवून तो थकला होता. कोड लिहायचा एडिटर मात्र ती सापडतच नाही म्हणत होता.

"डोळे फुटलेत का तुझे?" तो स्क्रीनवर खेकसला. कारखान्यातलं अख्खं कागदयंत्र इतकी वर्षं त्याच्या धाकात चाललं, आणि हा दीडदमडीचा एडिटर दाद देत नव्हता.

वर्ग घेणारी मिर्का पुढून म्हणाली, "जेवणापर्यंत ज्यांची स्क्रिप्ट चालेल, तेच पुढच्या वर्गात. अडलं तर शेजाऱ्याला विचारा की!"

शेजारी रेयो होता, कारखान्यातला त्याचा जुना जोडीदार. कागद कारखाना बंद करायच्या करारावर कामगारांतर्फे काउकोने सही केली, त्या दिवसापासून रेयोने त्याच्याशी अबोला धरला होता.

"सही करताना ज्यांनी कुणाला विचारलं नाही," रेयो स्वतःच्या स्क्रीनला म्हणाला, "ते आता काय विचारणार!"

काउकोच्या अंगाचा तिळपापड झाला. कारखाना गेला, आता हा वर्गही गेला तर उरलं काय? दारातला बर्फ उपसत बसायचं? त्याने रागाने मान वळवली, तेव्हा रेयोच्या फाइलच्या नावापाशी पांढरा ठिपका दिसला. फाइल सेव्हच केली नव्हती. रेयो दुरुस्त्या करत होता आणि संगणक जुनीच स्क्रिप्ट चालवून जुनीच चूक दाखवत होता.

बस बोंबलत, काउको मनात म्हणाला. क्षणभर बरंही वाटलं.

मग चरफडतच त्याने हात लांबवला आणि रेयोच्या कीबोर्डवर सेव्हच्या दोन कळा दाबल्या. ठिपका गेला. रेयोने बटण दाबलं; आकडे धडाधड उतरले. मिर्काने येऊन त्याचं नाव टिपून घेतलं. रेयो पाठ फिरवून आकडे वाचू लागला.

"कृतघ्न लेकाचा," काउको पुटपुटला.

खुर्च्या सरकू लागल्या. बाकीचे जेवायला उठले.

"खाली उजव्या कोपऱ्यात बघ, गाढवा," रेयो म्हणाला. "दोन पायथन आहेत, जुना नि नवा. लायब्ररी नव्यात बसवलीस, एडिटर जुन्यालाच धरून बसलाय."

काउकोने नवा निवडला. बटण दाबलं. स्क्रिप्ट चालली, आणि मिर्काने त्याचंही नाव टिपलं.

"सहीचं विसरलेलो नाही हां मी," रेयो उठत म्हणाला.

"विसर म्हणालो का मी?"

रेयो दाराजवळच्या टेबलाशी गेला आणि थर्मासमधून दोन कप कॉफी ओतली. आपल्या कपात दूध घातलं. दुसरा कप न विचारता कोराच ठेवला आणि बशीत साखरेचा एक खडा टाकला, दातांत धरायला. काउको रात्रपाळीला तशीच प्यायचा.