शोषखड्ड्यावरचा पेरू

ड्रायव्हरकाकांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक अंगणातला पेरू आणि दुसरी परसातली सेप्टिक टाकी. उभी हयात ट्रक चालवण्यात गेली, घरी बसल्यावर करायचं काय, म्हणून त्यांनी टाकी स्वतः बांधली. बांधली ती बांधली, वर तिचं प्रवचन सुरू केलं. पाहुणा पाटावर बसला रे बसला, की काका सुरू.

"टाकी म्हणजे पोट हो पोट! वर तेलकट साय धरते, खाली गाळ बसतो, मधलं पाणी तेवढं पुढं सरकतं. आतले किडे-जंतू घाण खातात, आपण झोपलो तरी त्यांची ड्यूटी चालू! आणि ते पाणी पाईपातून जातं शोषखड्ड्यात. दगड, विटांचे तुकडे, मग माती. जमीन हळूहळू पिऊन टाकते."

पाहुण्याचा घास हातातच राहायचा.

"अहो, त्यांना आधी गिळू तरी द्या," काकू म्हणायच्या.

एवढा मोठा ज्ञानी माणूस, पण लेक सासरी गेली त्या आठवड्यात करमेना म्हणून पेरूचं रोप लावायला उठला, तेव्हा त्याला सगळ्या अंगणात जागा सापडली ती नेमकी शोषखड्ड्यावर. का? तर तिथली माती भुसभुशीत, कुदळ मारायचे कष्ट नकोत. माती भुसभुशीत का आणि भर उन्हाळ्यात ओली का, हे काही विचारावंसं वाटलं नाही. तेव्हा टाकीतज्ज्ञ सुट्टीवर होता.

झाड असं फोफावलं की बघणाऱ्याची मान दुखावी. ना खत, ना पाणी. फळ हातात मावत नव्हतं आणि गोडी तर विचारू नका. काका टोपल्या भरून गल्लीत वाटायचे आणि वर सांगायचे, "हाताला गुण असावा लागतो. मी त्याच्याशी रोज बोलतो." शेजारच्या शिंपीणकाकूंनीही डब्यात रोप लावलं होतं. बिचाऱ्या बोलून बोलून घसा कोरडा करून बसल्या. त्यांची काडी ती काडीच.

मग एके दिवशी संडासातून गुडगुड आवाज यायला लागला. पाणी ओतलं की खाली जायच्या ऐवजी वर येऊन माणसाकडं बघायचं. टँकरवाल्यानं टाकी उपसली. आठवडा सरायच्या आत ती पुन्हा तुडुंब. आणि रविवारी लेक यायची होती, तान्हं बाळ घेऊन.

टँकरवाला पुन्हा आला. आला तोच जग जिंकल्यासारखा, कानाला फोन आणि तोंडात शेखी. त्यानं शोषखड्ड्याकडं जाणाऱ्या पाईपात सळई घातली, पिरगाळली आणि ओढली. बाहेर आली मुळांची वेणी! चांगली जाडजूड, साधूच्या जटेसारखी.

"काका, तुमचं झाड इथं घरजावई होऊन बसलंय. खातंय-पितंय आणि वाट अडवून बसलंय."

बघायला अख्खी गल्ली गोळा. कुणाच्या घरी मदतीला दोन माणसं मिळत नाहीत, पण संडास तुंबला म्हटल्यावर उभं राहायला जागा नव्हती.

शिंपीणकाकूंनी तोंडावर पदर धरला. "अगंबाई! म्हणजे आम्ही दरवर्षी जे खात होतो ते..."

"मातीतून गाळून जातं हो सगळं," काका म्हणाले.

"तुम्ही बोलूच नका! झाडाशी बोलतात म्हणे!"

गल्लीनं तिथल्या तिथं निकाल दिला, झाड तोडा. टोपल्या नेताना जे सगळ्यात पुढं असायचे, तेच आता सगळ्यात मोठ्यानं बोलत होते.

"नाहीतर खड्डा दुसरीकडं घ्या," टँकरवाला म्हणाला. "पण कुठं? मागं विहीर आहे, तिथं नको. वरच्या अंगाला पाणी चढणार नाही. ते काय तुमच्यासारखं हट्टी नसतं. राहिली ती एकच जागा."

सगळ्यांनी तिकडं बघितलं. तिथं काकांचा कट्टा होता. स्वतः बांधलेला, घोटून घोटून गुळगुळीत केलेला, पाठ टेकायला मागं बरोबर काकांच्या पाठीच्या मापाचा उतार. रोज संध्याकाळी तिथं दोस्तमंडळींचा दरबार भरायचा आणि काका मधोमध. ट्रक सुटल्यावर त्यांचं उरलेलं राज्य ते एवढंच.

गर्दी पांगली. काकू हळूच म्हणाल्या, "ओली बाळंतीण येतेय. ती काय डबा घेऊन रानात जाईल?"

काकांनी कुऱ्हाड घेतली आणि पेरूपाशी गेले. खोडावर हात ठेवला. लेकीचा फोन आला की बापाची तब्येत नंतर, आधी "माझा पेरू कसा आहे?" पलीकडं तिला करमत नसलं, की हटकून हाच प्रश्न. मग काका सांगायचे, बहर किती, पाखरं किती. दोघांचं रडणं तेवढ्यात निभावून जायचं.

मग काकांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवली, पहार उचलली आणि उलट दिशेनं चालायला लागले.

"अहो, झाड तिकडं आहे," काकू म्हणाल्या.

"माहितीये मला."

पहिला घाव कट्ट्याच्या त्या उतारावरच बसला.

संध्याकाळी दरबारी आले. बसायला जागा नाही म्हटल्यावर उभ्या उभ्या सल्ले दिले. खड्डा जरा डावीकडं घ्या, जरा खोल घ्या. फावड्याला मात्र एकानंही हात लावला नाही, राजाच्या अवजाराचा मान असतो ना! काकांनी खणलं, पाईप नवा जोडला, जुन्याचं तोंड बुजवलं. खड्डा भरायला कट्ट्याच्याच विटा फोडून घातल्या. ज्यांच्यावर बसून इतकी वर्षं टाकीचं ज्ञान पाजळलं, त्या विटा शेवटी टाकीच्याच कामाला लागल्या.

रविवारी लेक आली. बाळ आजीच्या मांडीवर देऊन संडासात गेली. काका दाराबाहेर कान लावून उभे. आत पाणी पडलं. सळसळत गेलं. गुडगुड नाही. काका भिंतीला टेकले आणि डोळ्यांत सिमेंट गेलं म्हणाले. सिमेंट दोन दिवसांपूर्वीच संपलं होतं.

लेकीनं बाहेर येऊन झाडाचा एक पेरू तोडला. काकूंनी तिला सगळी हकीकत सांगितली. ती क्षणभर फळाकडं बघत राहिली आणि मग कचकन चावा घेतला.

"एवढं काय त्यात? सगळी आपल्याच घरची कमाई आहे."

कुंपणापलीकडं पाऊल वाजलं. शिंपीणकाकू उभ्या, हातात डबा, डब्यात ती काडी.

"मी काय म्हणते, तुमचा नवा खड्डा झालाच आहे तर त्याच्यावर जरा हिला..."

काकांनी जन्मात पहिल्यांदा टाकीवर एक अक्षर न बोलता फाटकाला कडी घातली.