चिमट्याखालचा शब्द

मी एक जुनं पॅड आहे, मित्रांनो. कागद अडकवून लिहायचं. कडा झिजल्यात, चिमटा गंजलाय. आता कुठंतरी टेकावंसं वाटतं. पण जन्म गेला तो दुसऱ्यांना टेकू देण्यात.

कारखान्यात भुसा दाबून मला घडवलं आणि मी पाहणीवाल्या बाईंच्या हाती आलो. आईबाप वेगळे झाले की मूल कुणाकडे राहावं, हे कोर्टाला ठरवता यावं म्हणून बाई घरोघरी जात, अहवाल लिहीत. "हे पॅड नाही, माझी दुसरी मांडी आहे," असं कौतुकानं म्हणत. किती जिने चढलो, किती घरांचे उसासे पोटाशी धरले!

त्या दिवशी सहावं घर होतं. आई शिवणकाम करणारी, मुलगी सहा वर्षांची. बाईंनी विचारलं, "आई काय करते गं रोज?"

"रोज घट्ट मिठी मारते. मी म्हणते, सोड गं, तुझ्या टाचण्या टोचतात!"

बाई हसल्या, लिहू लागल्या. 'मुलगी म्हणते, आई रोज' इथं कागद संपला. उरलेलं पुढच्या कागदावर, अगदी वरच्या कडेला गेलं.

ऑफिसात बाईंनी कागद पुन्हा माझ्यात अडकवले. चिमटा नेमका त्या पहिल्या ओळीच्या सुरुवातीवर बसला. थकलेल्या बाई दिसेल ते टाईप करत गेल्या: 'मुलगी म्हणते, आई रोज मारते.'

निकाल लागेपर्यंत मुलगी बापाकडे गेली. आईला भेट आठवड्यातून एक तास. आईनं अहवालाला आव्हान दिलं. "पोरीला बोट लावलं असेल तर हा हात झडो!" ती म्हणाली. पण छापील कागदापुढं तोंडचा शब्द टिकतो थोडाच? तारखांवर तारखा पडल्या. चार महिने गेले.

शेवटी तिची वकीलबाई उठली. "साहेब, आपल्याकडे माणूस गप्पा मारतो, डुलकी मारतो, बाजारात चक्कर मारतो. सगळ्यांना आत टाकायचं का? ही आई नेमकं काय मारते, ते मूळ टिपणात बघू या."

साक्षीला आलेल्या पाहणीवाल्या बाईंनी मला त्या टिपणांसकट पुढं धरलं. न्यायाधीश माझ्याकडे बघत त्यांना म्हणाले, "बाई, तो चिमटा उघडा."

खाली दोन शब्द होते: 'घट्ट मिठी'.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "चूक माझी," त्या पुटपुटल्या. अर्धी माझीही होती. पण पॅडाची साक्ष कोण काढतो?

अहवाल रद्द झाला, मुलगी आईकडे आली. बाहेरच्या बाकाजवळ आईनं तिला कवेत घेतलं. मुलगी आधी माझ्याकडे बघत राहिली, मग आईच्या कानात म्हणाली, "हळू गं. बाई लिहितील."

मित्रांनो, लहान मुलाचं बोलणं कागदावर उतरवाल, तेव्हा उठण्याआधी ते त्यालाच वाचून दाखवा. फार वेळ लागत नाही. चार महिने तर मुळीच लागत नाहीत.