पाचपैकी एक

मला कोणी विचारत नाही, तरी मी मत देतो. सिनेमा, मालिका, लग्नातलं वरण-बट्टी, सगळ्याला पाचपैकी गुण. पोट भरायला मी लोणखेड्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुतो, पण मनानं मी परीक्षकच. बायको चारुलता म्हणते, "देवनी तुमले तोंड दिधं, पन लगाम द्यानं इसरी गया."

माझी मतं मनापासून ऐकणारा एकच माणूस होता, अरिहंत. शहाद्यात त्याचं कापडाचं दुकान. शाळेपासूनचा मित्र, पण आवड अगदी उलटी. तो कुठल्याही टुकार सिनेमात रडायचा आणि सगळ्यांना चार गुण द्यायचा. "मेहनत तं करी ना बिचारास्नी," म्हणायचा. जैन माणूस, सूर्य मावळायच्या आत जेवणार, म्हणून आम्ही कायम दुपारचाच खेळ पाहायचो. मध्यंतरात मी समोसे खायचो आणि तो खिशातून खाकऱ्याची पुडी काढायचा.

एका बंदरावरच्या तीन भावांची मालिका आम्ही चार वर्षं पाहत होतो, त्याच्या दुकानामागच्या गोदामात, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून, एकाच मोबाइलवर. नियम एकच होता, एकट्यानं कोणी पाहायचं नाही. शेवटचा भाग तेवढा यायचा राहिला होता.

दिवाळीनंतर एक सिनेमा पाहिला. त्यातला नायक आजारी असतो आणि जिवलग मित्रापासून ते लपवतो. मी तिथंच बडबडायला लागलो. "हाऊ काय दोस्त शे? दोस्तले सांगाले नको? लिहिणाराले काही अक्कल शे का? दीड गुण."

"सांगीसन काय उपेग व्हता?" अरिहंत पडद्याकडे बघत म्हणाला.

"गप बस, गाणं येऊ ऱ्हायनं," मी म्हणालो. गाणंही बेकारच होतं.

त्यानंतर तो सारखा सुरतेला जायला लागला. माल घ्यायचा आहे म्हणायचा. महिन्यात तीनदा कोण माल घेतं? पण लग्नसराई होती, मी फार विचार केला नाही. मालिकेचा शेवटचा भाग आला, आणि नेमका हा सुरतेत. मी आठ दिवस कॉलेजात कान झाकून फिरलो, कोणी शेवट सांगून टाकू नये म्हणून.

नवव्या दिवशी दुपारी त्याचा मेसेज आला. "योगेंद्र, तुझ्याशी खोटं बोललो. मन, वचन, कायेनं तुला दुखावलं असेल तर क्षमा कर. मिच्छामि दुक्कडम्."

असा मेसेज मला त्याच्याकडून दरवर्षी यायचा. संवत्सरीला हे लोक घरच्या-बाहेरच्या सगळ्यांची क्षमा मागतात. मीही दरवर्षी ठरलेलं उत्तर पाठवायचो, "माफ. पाचपैकी चार." पण संवत्सरी भाद्रपदात असते आणि हा माघ चालला होता. दुसरा कोणी असता तर थबकला असता, अवेळी क्षमा कशाला मागतोय म्हणून फोन तरी केला असता. माझ्या डोक्यात एकच आलं, यानं शेवटचा भाग एकट्यानं पाहिला.

मला खरोखर राग आला. चार वर्षं थांबून ऐन वेळी दगा! मी लिहिलं, "माफी नाही. इतकं रडकं पात्र मी जन्मात पाहिलं नाही. पाचपैकी एक." आणि फोन उलटा ठेवून बाटल्या धुवायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या शेजारचा दुकानदार चुनीलाल याचा फोन आला. "अरिहंतशेठ ग्या ना भो. सुरतना दवाखानामा. दिवाळीपासून आजारी व्हता म्हने, कोन्हालेच सांगं नही."

मी खांदा दिला. कसा दिला ते आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी उठावण्याची शोकसभा झाली. लोक पांगल्यावर फाल्गुनीवहिनींनी मला आत बोलावलं. अरिहंतची बायको, माहेर नाशिकचं, बोलणं शुद्ध. सिनेमाचं त्यांना वावडं. आमच्या दोघांची भाषा त्यांना कधी कळली नाही.

"भाऊ, शेवटी त्यांनी सगळ्यांची क्षमा मागितली," त्या म्हणाल्या. "मी मेसेज पाठवत होते, उत्तरं वाचून दाखवत होते. तुमचं सगळ्यात शेवटी आलं."

मी खिशातला फोन हातानं झाकला.

"तुमची ती मालिका नर्सनं लावून दिली होती. त्यांनी बंद करायला लावली. योगेंद्रशिवाय नको म्हणाले."

मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"मग विचारलं, योगेंद्र काय म्हणतो? मी म्हटलं, माफ केलं म्हणतात, पाचपैकी चार. दरवर्षीचं पाठ होतं मला. ते म्हणाले, चार? मग खूश दिसतो. आणि डोळे मिटले." त्या थोड्या पुढे सरकल्या. "भाऊ, आमच्यात अशा वेळी खोटं बोलत नाहीत. मी बोलले. तीन दिवस घास उतरत नाही. खरं सांगा, तुम्ही मनातून माफ केलं होतं ना? तो एक गुण गमतीनंच लिहिला होता ना?"

गमतीनं लिहिला नव्हता. त्या दुपारी मी त्याला माफ केलं नव्हतं.

"गंमतच होती, वहिनी," मी म्हणालो. "माफ तर केव्हाच केलं होतं."

"मग मी खोटं बोलले नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि सासूनं मघाशी झाकून ठेवलेलं ताट पुढे ओढलं.

त्यांनी दोन घास खाल्ले. मी समोर बसून बघत राहिलो. आता माझ्या या खोट्याची क्षमा मी कुणाकडे मागू?