साडूचा वर गेलेला हात

बस राजकुमार, उठू नको. चहा ठिवायला सांगितलाय, अन् चहा उकळंस्तवर तुला एक गोष्ट सांगतो. गावात तू ती आईकली आसशील. पर गाव हसत हसत सांगतं, म्या खरी सांगतो.

माझा साडू साहेबराव तुमच्याच वार्डातला. आमच्या आवडाबाईची धाकली बहीन सत्यभामा त्याला दिलेली, म्हंजी थोरला जावाई म्या. पर धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यानं जेवाया बोलावलं, तवा पाट आधी त्याचा मांडला. त्याला चांदीचं निरांजन, मला तांब्याचा गडू. सासरा म्हनला, "कडूबा, तुमाला रोज कामाला येईल." रोज येतो बी कामाला. रोज पानी पितो अन् रोज आठवन येती.

मंग त्याच्या मोसंबीला बहार धरला, माझी झाडं वाळली. त्याचं पोरगं संभाजीनगरला कंपनीत चिकटलं, माझं तीन महिन्यात माघारी आलं. त्याच्या घराचा स्लॅब टाकला त्या दिशी म्या ताप आला म्हनून गोधडी घेऊन पडलो. बायकोला वाटलं नाटक. आरं, खरंच ताप आलता.

आता आमच्या वस्तीचा वढा तू बघितलास, त्यातनंच आलास. बायामानसं दुधाची कॅन डोक्यावर घेऊन त्यातनंच जात्यात. चार नळ्या टाकून पूल करा, येवढीच मागनी. मागल्या दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेला आराखड्यात एकाच कामाची जागा उरलीती. एक तर आमचा पूल, नायतर तीन नंबर वार्डात देवळाम्होरं फरशी.

आपल्या गावाचा दंडक तुला ठावं हाये. मागनी एका वार्डाची, तर अनुमोदन दुसऱ्या वार्डाचं. मागं एका भावकीनं मागनारा बी घरचा अन् मान डोलवनारा बी घरचा करून समदी कामं एकाच गल्लीत नेली, तवापासनं हे चालू.

सकाळी आवडाबाई म्हनली, "सत्यभामाच्या मालकाला सांगून ठिवा. हात वर करत्याल."

म्या म्हनलो, "गाव काय वस पडलंय?"

शाळंच्या पटांगनात सभा भरली. म्या उभा ऱ्हायलो, पुलाचं बोललो. बरं बोललो, खोटं कशाला सांगू. सरपंच दीपमालाताईनं इचारलं, "अनुमोदन कोन देतंय?"

तीन नंबरवाले आपल्याच चपला बघत बसले. तुमच्या वार्डाचा रस्ता तर झालेला, पर देवळावाल्यांशी वाकडं कोन घेनार. अन् मंग दुसऱ्या रांगंतनं एक हात वर गेला. पांढरी बाही, इस्त्रीची.

"माझं अनुमोदन," साहेबराव म्हनला. "साडूभाऊ एकटेच उभे हायेत, बघवंना."

लोकं हसली. त्याच्या मनात काय नव्हतं, आता कळतंय. पर तवा माझ्या डोळ्याम्होरं ते निरांजन आलं बघ.

म्या म्हनलो, "नको."

ताई म्हनल्या, "काय नको?"

"यांचा हात नको. दुसऱ्या कोनाचा बी चालंल."

"दुसरा हात कुठंय, कडूबाभाऊ?"

दोनदा इचारलं तिनं. मंग ग्रामसेवकानं वहीत लिहिलं, अनुमोदक नाही. चहा गार व्हायच्या आत फरशी मंजूर झाली. आवडाबाई बायांच्या रांगंत बसलीती. घरी आल्यावर तिनं त्याच गडूत पानी आनून दिलं.

औंदा श्रावनात ती वढ्यात घसरली. कॅनसकट. घोटा मोडला. वरडायचा आवाज आईकून पहिला कोन पोचला? त्योच. गुडघाभर पान्यात शिरला, "आक्का, धरा मला," म्हनत तिला उचलली, गाडीत घातली अन् पाचोडच्या दवाखान्यात नेली. म्या मागनं रिकामी कॅन घेऊन चाललो.

चार दिसानं त्यानं गोनीभर मोसंबी धाडली. म्या हात लावला नाय. बरं, दोन खाल्ली, बायको निजल्यावर. गोड निघाली. आंबट निघाली आसती तर जिवाला बरं वाटलं आसतं.

आता प्लास्टर निघालं, पर ती लंगडती आजून. आईक, आतनं काय म्हनती.

"राजकुमार, त्यांना इचार, हात कोनाचा नको हुता ते."

आईकलंस? रोज येकदा तरी हे आईकावं लागतं. लागू दे. पाय तिचा मोडलाय.

तर उद्या दोन ऑक्टोबर. म्या परत उभा ऱ्हानार, पुलासाठीच. हिनं मला न इचारता बहिनीकडं निरोप धाडलाय, म्हंजी साहेबराव हात वर करनारच. औंदा म्या नको म्हननार नाय, हा कान धरला. पूल झाला पायजे, मंग हात कोनाचा का आसंना.

पर तू बी दोन नंबर वार्डातलाच ना? उद्या पहिल्या रांगंत बस गड्या. माझं बोलनं सरायच्या आत तुझा हात वर जाऊ दे. त्याच्या आधी. येवढं करशील का?