अस्वलाच्या शेपटीतला चौथा तारा

मोठ्या बाईंचं नाक इतकं वर असायचं की छापखान्यातली माणसं म्हणत, या बाई पावसात उभ्या राहिल्या तर पाणी थेट नाकात जायचं. पण ते नाक फुकटचं नव्हतं बरं का. एकोणतीस वर्षं त्या पुस्तकांतली चित्रं रंगवत होत्या.

छापील पुस्तकं नवी नवी होती त्या काळची ही गोष्ट. खाली यंत्राचा खडखडाट, आणि वरच्या मजल्यावर मोठ्या खिडकीशी एक लांब टेबल. टेबलाभोवती पाच बायका. छापून वाळलेली पानं तिथं यायची आणि हातानं रंगून जायची. तेव्हा दोन वर्षं काम चाललं होतं आकाशाच्या पुस्तकाचं. लाकडी ठशावरून छापलेली अठ्ठेचाळीस चित्रं: शिकारी, बैल, खुर्चीत बसलेली राणी, वेटोळं घातलेला साप. प्रत्येकाच्या अंगावर ठिकठिकाणी तारे छापलेले. नियम एकच, पण कडक. अंग रंगवायचं, तारा कोरा ठेवायचा. तारा रंगाखाली गेला की पान बाद.

सात तारे ज्यांना आपण सप्तर्षी म्हणतो, तिथं या पुस्तकात एक अस्वल होतं. आणि त्याला ही लांबलचक शेपूट!

"अगं, अस्वलाला शेपूट असते का कधी एवढी?" टेबलावरची एक दर वेळी म्हणायची.

"चित्रकारानं अस्वल बघितलं असतं तर चित्र काढायला परत आला असता का?" ठिणगी म्हणायची, आणि सगळ्या खिदळायच्या.

ठिणगी म्हणजे मोठ्या बाईंची सून. नाव पडलं होतं ते जिभेमुळे. मोठ्या बाईंचा मुलगा खाली यंत्रावर शाई लावायचा, त्यानं ही पसंत केली, आणि त्या दिवसापासून घरात दोन तलवारी आणि म्यान एकच. सासूनं एक म्हणावं, सुनेनं दोन ऐकवावीत. सुनेच्या चुका मोठ्या बाईंना दहा हातांवरून दिसायच्या. आणि त्याच बाईंना गेल्या वर्षभरात हाताशी धरलेला कागद दिसेनासा झाला होता! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतात ते हेच.

डोळ्यांवर जणू दुधाची साय धरली होती. रंग कळायचा, अस्वलाची पाठ कळायची, पण तारे विरघळून गेलेले. वर्षाच्या सुरुवातीला त्यांची तीन पानं लागोपाठ बाद झाली, तेव्हा मालक जिन्यात थांबून हळूच म्हणाले होते, "बाई, आणखी एक पान गेलं तर खुर्ची रिकामी करावी लागेल. मला वाईट वाटतं, पण इलाज नाही."

त्या रात्री मोठ्या बाई जेवल्या नाहीत. घरी बसायचं म्हणजे काय करायचं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. हात रिकामे ठेवून बसलेलं माणूस त्यांनी एकच पाहिलं होतं, स्वतःची आई, शेवटच्या आजारात.

आणि मग चमत्कार झाला. आठवड्याभरात त्यांच्या बोटांना तारे कळायला लागले! डाव्या हाताचं बोट पानावरून फिरवलं की तारा असेल तिथं बारीकसा उंचवटा लागायचा. बोट तिथं ठेवायचं आणि कुंचला त्याच्या कडेनं फिरवायचा. त्यानंतर एक पान बाद झालं नाही. मग काय, नाक पुन्हा वर!

"ठशाचा दाब असतो कागदावर," त्या टेबलाला ऐकवायच्या. "तुमच्या बोटांना नाही कळायचा. त्याला एकोणतीस वर्षं घासावी लागतात."

टेबलावरच्या तिघी एकमेकींकडे बघायच्या आणि माना खाली घालायच्या. ठिणगी तेवढी कधी नव्हे ती गप्प बसायची. तिच्यावर बाईंचा राग वेगळाच होता. हल्ली ही पोरगी उजाडायच्या आत घर सोडायची. म्हणे, खोली झाडायची असते, डिंक भिजवायचा असतो.

"झाडायचं निमित्त!" मोठ्या बाई मुलाला म्हणायच्या. "घरातली चूल पेटवायला नको म्हणून पळते ती. कामचुकार कुठली!"

मुलगा नुसता "हं" म्हणायचा. दोघींच्या मधे बोलणाऱ्याचं काय होतं ते त्याला चांगलं माहीत होतं.

असे पाच महिने गेले. एके दिवशी सकाळी, बऱ्याच महिन्यांनी, अस्वलाची पानं वाट्याला आली. मोठ्या बाईंनी बोट फिरवायला सुरुवात केली. पाठीवरचे चार तारे बरोबर. मग शेपूट. एक. दोन. आणि दोनच्या अगदी शेजारी, खेटून, आणखी एक बारकासा. मग शेवटचा.

शेपटीत चार?

बाईंनी पुन्हा बोट फिरवलं. चारच. अस्वलाची पानं त्यांनी डोळे चांगले असताना शेकड्यांनी रंगवली होती. शेपटीत तीन तारे, पुस्तकात चौथा नव्हताच. छापलेलाच नाही, तर ठशाचा दाब येणार कुठून?

त्यांनी पान उलटं केलं आणि मागून बोट लावलं. तिथं खळगा होता, सुईच्या टोकाएवढा. प्रत्येक ताऱ्याच्या मागे तसाच खळगा. कुणीतरी पान खिडकीच्या उजेडाला धरून, मागच्या बाजूनं, एकेक तारा सुईनं अलगद टोचला होता. बाईंनी खालचं पान घेतलं. तेही तसंच. सगळी चवड तशीच.

आणि चौथा तारा कुठला, तेही त्यांना कळलं. वसिष्ठाच्या शेजारची अरुंधती! आकाशात असते ती, पण ज्याची नजर धड त्यालाच दिसते. बाईंना ती दिसेनाशी होऊन कितीतरी वर्षं झाली होती. टोचणारीच्या डोळ्यांना ती रोज दिसत असणार, म्हणून सवयीनं हात तिथंही गेला. इतक्या धारदार नजरेची त्या टेबलावर एकच होती. उजाडायच्या आत येणारी.

मोठ्या बाईंनी कुंचला खाली ठेवला. आधी त्यांना राग आला, खोटं कशाला सांगू. म्हणजे माझ्या बोटांत काही नव्हतंच! पाच महिने मी कोंबड्यासारखी मान ताठ करून आरवत होते आणि या सगळ्या ऐकून घेत होत्या! मग त्यांना 'कामचुकार' हा आपलाच शब्द आठवला, आणि कानशिलं गरम झाली.

तेवढ्यात मालक भिंग घेऊन वर आले. त्यांनी मोठ्या बाईंची पूर्ण झालेली पानं तपासली आणि खूश झाले. "एकही तारा गेलेला नाही. वा!" मग ते ठिणगीच्या चवडीपाशी थांबले. "आणि हे काय? निम्मीसुद्धा पानं नाहीत. महिनोन्‌महिने हेच चाललंय. हात चालत नसेल तर सांग, दुसरी बघतो."

जिची जीभ कुणाच्या बापाला भ्याली नाही, ती ठिणगी खाली बघत म्हणाली, "उद्यापासून जास्त करीन."

"उद्याचं नको सांगू. शनिवारी हिशेब चुकता करून—"

"मालक," मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. "मला दिसत नाही."

मालकांनी भिंग खाली घेतलं.

"वर्ष झालं, तारा दिसत नाही मला. माझी पानं ही पोरगी पहाटे येऊन टोचते, तेव्हा माझं बोट चालतं. हात तिथंच शिणतात, तिची पानं मागे पडतात ती माझ्यापायी. खुर्ची रिकामी करायची तर माझी करा. तिच्या केसालाही हात लावू नका."

"आई!" ठिणगी कळवळून म्हणाली. "कशाला बोललात? सगळं बरं चाललं होतं ना!"

"तू गप्प बस. आज मी बोलणार."

मालकांनी अस्वलाचं पान उचललं, डोळे मिटले आणि बोट फिरवून पाहिलं. किती तरी वेळ पाहिलं. "शेपटीत चार आहेत," ते म्हणाले.

"आकाशात चारच आहेत," ठिणगी पुटपुटली. "चित्रकाराला अस्वल दिसलं नाही, तारा कुठला दिसतोय?"

मालकांना हसू आवरलं नाही. भिंग खिशात टाकत ते जिन्याकडे वळले. "अंगावर रंग चढवायला बाईंसारखा हात मला गावात मिळायचा नाही. आजपासून दोघींची चवड एकच धरीन. टोचा, रंगवा, काय करायचं ते करा. पान बाद होता कामा नये."

ते गेल्यावर मोठ्या बाईंनी सुनेचा हात ओढून घेतला. बोटांची टोकं चाचपली. सुईनं खरखरीत झाली होती.

"का केलंस गं? मी तर तुला एक गोड शब्द दिला नाही कधी."

"घरी बसला असतात तर दिवसभर मलाच बोलला असतात," ठिणगी म्हणाली. "आणि तुम्ही त्या रात्री जेवला नव्हतात."

मोठ्या बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "तुझे उपकार झाले गं माझ्यावर," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "माझ्या तोंडाला आग लागो, तुला कामचुकार म्हटलं मी."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ठिणगी उठली तर चूल पेटलेली, दूध तापलेलं, आणि सासू दारात चपला घालून उभी.

"चल लवकर. किती वेळ लोळतेस?" सुंभ जळला तरी पीळ कुठला जळतोय!

वाटेत मोठ्या बाईंनी तिचा दंड धरला. अंधुक रस्ता होता, त्यांना पायरी दिसत नव्हती.

"ऐक. अस्वलाच्या पानावर ती चौथी टोचायला विसरू नकोस."

"अहो, पण पुस्तकात नाहीये ती. रंगाखाली जाणार."

"जाऊ दे. रंगवायच्या आधी एकदा बोट ठेवीन," मोठ्या बाई म्हणाल्या. "किती वर्षांनी भेटली मला."