मी फक्त संशय सांगतो

मित्रांनो, मला पाहून आधी तुम्हाला हसूच येईल. जुन्या टीव्हीला चाकं लावावीत तसा मी दिसतो. पडद्याचा एक कोपरा पिवळा पडलाय, वायरीला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. पण मी टीव्ही नाही, सोनोग्राफीचं यंत्र आहे. आईच्या पोटातलं बाळ मला दिसतं. इंदापुरातल्या एका लहानशा दवाखान्यात मी उभा असतो. आज जे सांगणार आहे ते आनंदाचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. खोक्यात बसून बारामतीला आलो, तेव्हा मला हार घातला, नारळ फोडला आणि कुणीतरी कुंकवाचं बोट थेट पडद्यावरच टेकवलं. राग आला, पण कौतुक कुणाला नको असतं? कोऱ्हाळ्याच्या, कन्हेरीच्या, लोणी भापकरच्या बायका यायच्या. पोटावर गार जेल लावलं की दचकायच्या आणि बाळाची धडधड ऐकली की हसता हसता डोळे पुसायच्या. मुलगा की मुलगी हे सांगायला कायद्याची बंदी आहे, म्हणून सरकारी माणसं अधूनमधून येऊन मला तपासून जायची. पुढे बारामतीत नवं रंगीत यंत्र आलं आणि मला इंदापूरला पाठवायचं ठरलं. तेव्हासुद्धा आधी सरकारला कळवावं लागलं. जागा बदलताना माझी जेवढी विचारपूस झाली, तेवढी मी पाहिलेल्या कितीतरी सुनांची जन्मात झाली नसेल.

माझं एक काम फार नाजूक आहे. तिसरा महिना सरत आला की बाळाच्या मानेमागे थोडं पाणी दिसतं, ते मी मोजतो. त्याच सुमारास आईचं रक्त तपासतात. तिचं वयही विचारात घेतात. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. एखादं गुणसूत्र जास्तीचं आलं तर बाळाची वाढ आणि समज वेगळ्या तऱ्हेने होते. या बाळात तसं असण्याचा संभव किती, एवढा अंदाज आमच्या तपासणीतून निघतो. अंदाज, मित्रांनो! संशय जास्त आला तर पक्की तपासणी वेगळी करावी लागते.

कन्हेरीच्या एका बाईच्या पक्क्या तपासणीत तो दोष खरंच निघाला. तिने बाळ ठेवलं. त्या मुलीचं नाव संस्कृती. ती आईबरोबर आली की माझी सगळी बटणं दाबत सुटायची. मी वैतागायचो आणि ती आली नाही की चुकल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या एकीने रडून, विचार करून गर्भ न ठेवायचं ठरवलं. तिचा नवरा तिच्या उशाशी बसून होता. दोघींनाही मी नावं ठेवणार नाही. दोघींना पुरतं कळलं होतं आणि दोघींनी आपलं आपण ठरवलं होतं.

मनिषाचं तसं झालं नाही.

ती इंदापूरजवळच्या एका वस्तीवरची सून. लग्नाला चार वर्षं झाल्यावर पहिल्यांदा दिवस गेले होते. नवरा नागेश बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, आणि घरचा सगळा कारभार सासऱ्यांच्या, जोतीरामआबांच्या हातात. तिच्या बाळाने माझ्यापुढे मजेत कोलांटी मारली. पण मानेमागचं पाणी जरा जास्त भरलं. रक्ताचा अहवाल आला आणि डॉक्टर राजेश्वरीबाईंनी तिला, नागेशला आणि आबांना आत बोलावलं.

"धोका जास्त दिसतोय," त्या म्हणाल्या. "पण नीट ऐका. ही नुसती चाळणी आहे. असा अहवाल आलेल्या पन्नास बायका घेतल्या, तर त्यातल्या एकीच्याच बाळाला हा दोष निघतो. बाकी सगळ्यांची बाळं त्या बाबतीत ठीक असतात. खात्री करायची तर थोडं थांबून बाळाभोवतीचं पाणी काढायचं आणि पुण्याला तपासायला पाठवायचं."

आबा मांडीवर हात ठेवून बसले होते. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. दवाखान्यात येताना सुनेसाठी रिक्षा अगदी दारात लावायला सांगणारा माणूस होता. पण जन्म उसात गेलेला. ते म्हणाले, "मॅडम, कारखान्याचा माणूस आमच्या रानात येतो. चार ऊस मोडतो, रस बगतो, आन् त्यावर आख्ख्या फडाची तोड ठरती. प्रत्येक ऊस कोण मोडून बगत बसतंय? नमुना लागला म्हंजी लागला."

"आबा, उसाचं वेगळं. तिथे चार उसांवरून सगळा फड कळतो. इथे पन्नास जणींवरून हिचं एकटीचं बाळ कळत नाही."

"मंग तुमची तपासणी करायची तरी कशाला?"

"वेळ मिळावा म्हणून. लवकर कळलं तर नीट विचार करता येतो."

मनिषाने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "पाणी काढताना बाळाला काय हुतंय का?"

"क्वचित गर्भ पडतो. फार क्वचित. पण नाही म्हणणार नाही."

"बगा!" आबा उठलेच. "म्हंजी चांगलं असलं तर ते बी जायाचं."

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. शेवटी आवाज चढवून म्हणाल्या, "पुढे काय करायचं ते मनिषा ठरवेल. कायद्याने तिची संमती लागते, तुमची नाही." मनिषाने नागेशकडे पाहिलं. "मला पाणी तपासून घ्यायचंय," ती हळूच म्हणाली. नागेशने आबांकडे पाहिलं. "बगू की घरी गेल्यावर," तो म्हणाला. मला इतकी चीड आली की सांगता सोय नाही. पण मी पडलो यंत्र!

घरी काय झालं ते मला नंतर, मनिषा डॉक्टरांना सांगत होती तेव्हा कळलं. आपल्याकडे तिसरा महिना पार पडेपर्यंत दिवस गेल्याचं कुणाला सांगत नाहीत. दृष्ट लागू नये, काही कमीजास्त झालं तर चर्चा नको, म्हणून ही रीत. आबांनी नेमकं तेच धरलं. "अजून वस्तीला कळलं न्हाय, तवर उरकून टाकू. थांबलो तर पोट दिसंल. मंग लोक म्हणत्याल, ह्यांच्या घरात खोट हाय." सासू भामाबाईंनी कुठून तरी गर्भ पाडायच्या गोळ्या आणल्या. डॉक्टर नाही, तपासणी नाही. मनिषा नको नको म्हणत असताना तिला त्या गिळायला लावल्या. नागेश त्या दिवशी कामावर गेला.

आठवड्याने मनिषाला माझ्यापुढे आणलं तेव्हा तिच्या अंगात ताप फणफणला होता आणि रक्त थांबत नव्हतं. पोटात बाळ नव्हतं. उरलेले तुकडे होते, तेही सडायला लागले होते. माझा पडदा काळापांढराच आहे, पण त्या दिवशी तोही नको वाटला. डॉक्टरांनी घाईघाईने पिशवी साफ केली, रक्त चढवलं आणि बाई वाचली.

शुद्धीवर आल्यावर तिने एकच विचारलं. "मॅडम, माझं बाळ चांगलं हुतं का?"

"पडलेला गर्भ कुठे आहे?" डॉक्टरांनी भामाबाईंना विचारलं. "त्याचीही तपासणी होते."

भामाबाई पदरात तोंड घालून म्हणाल्या, "बांधाला पुरला, बाई. मिठात."

दाराशी उभे असलेले आबा म्हणाले, "पर रिपोर्टात तर आलं हुतं की."

"नव्हतं आलं," डॉक्टर म्हणाल्या. "मी तुम्हाला सांगितलं होतं. आता ते कुणालाच कळणार नाही." आबा भिंतीला टेकून खाली बसले.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. तुम्हाला हे का सांगतो? कारण उद्या तुम्हीच कुणाचे तरी नवरे, सासरे, सासवा होणार आहात. आमची तपासणी जरूर करून घ्या, ती भल्यासाठीच असते. पण मी संशय सांगितला तर त्याचा निकाल करू नका. खात्री होईपर्यंत धीर धरा, आणि जिच्या पोटात बाळ आहे तिला विचारा.

मनिषाला पुन्हा दिवस गेले आहेत. गेल्या आठवड्यात ती आली होती. या खेपेला नागेश म्हणत होता, "तू म्हणशील तसं." डॉक्टरांनीही तिच्याजवळ बसून विचारलं, "तपासणी करायची का, मनिषा? तुझं तू सांग." ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाटेवरून उतरली, चपला घातल्या आणि म्हणाली, "नगं. मला काय बी कळायला नगं."